निगुरीचा हात

मला मंत्र ऐकूच आला नव्हता.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला नाही. नऊ वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून माळ ओढली, त्या आमच्या टोलीतल्या माणसांनाही नाही. आता चाळिशी उलटली. लिहून टाकतो.

दोन हजार एक साल. सालेकसा तालुक्यातलं आमचं गाव. एकीकडं धानाच्या बांध्या, दुसरीकडं जंगल. गावाच्या वरच्या अंगाला मालकाचं घर, खालच्या अंगाला आमची टोली, म्हणजे आमच्या जातीची वस्ती. मालकाची राईस मिल होती, मी तिथं हमाल होतो. महाराज दरवर्षी मालकाच्याच घरी उतरायचे. मुर्रीकडं त्यांचा आश्रम होता. तिथून जीप यायची, मागून सेवक यायचे आणि मालकाच्या आंगणात कान फुंकायचा कार्यक्रम व्हायचा.

कान फुंकणं म्हणजे गुरू करणं. महाराज शिष्याच्या उजव्या कानाला तोंड लावत. दोघांच्या डोक्यावरून शेला टाकत. आत शेल्याखाली महाराज मंत्र सांगत. ज्याचा कान फुंकला तो सगुरा. ज्याचा नाही तो निगुरा. आणि निगुऱ्याच्या हातचं पाणी सगुऱ्यानं प्यायचं नाही, हा पहिला नियम.

त्या दिवशी वरच्या आळीतल्या वीस-बावीस जणांचे कान फुंकून झाले. प्रत्येकावर शेला पडला. मग आमच्या टोलीतले आम्ही पाच जण पुढं सरकलो. महाराजांनी सेवकाकडं पाहिलं. सेवक मालकाच्या स्वयंपाकघरात गेला आणि फुंकणी घेऊन आला.

चुलीची फुंकणी. लोखंडी, हातभर लांब. तोंडाशी काजळी.

शेला टाकला नाही. सेवकानं फुंकणीचं एक टोक माझ्या कानात घातलं. टोक ऊन होतं. दुसऱ्या टोकाला महाराज. मधे तेवढं अंतर. मागून कोणीतरी ओरडलं, "चूल पेटली का सांगजो गा!"

आंगण हसलं. आम्ही पाच जणही हसलो. मीही हसलो. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

कानात फू झालं. मग डब्यात बोलल्यासारखं काहीतरी घुमलं. शब्द एकही कळला नाही. महाराजांनी विचारलं, "समझ में आया?"

"हो महाराज."

"किसी को बताना नहीं. बताया तो जीभ झड़ेगी. भूल गया तो वंश जाएगा."

 विसरायलाही आधी ऐकू यावं लागतं. "पुन्हा एकदा सांगा" एवढे तीन शब्द बोलायचे होते. बोललो नाही. मागच्याचा नंबर आला होता.

घरी आलो. माय ओट्यावर बसून दातांना गुडाखू, तंबाखूचा लगदा, घासत होती. मला पाहून म्हणाली, "कानाले कायचं कारं लागलं गा?"

"महाराजानं कानाले तोंड लावलं," मी म्हणालो.

"बुवाचं तोंड कारं आहे का?"

मी बोरिंगवर जाऊन कान धुतला.

मी त्या आंगणात गेलोच कशाला, हे आधी सांगायला हवं होतं. भीतीनं गेलो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझं पहिलं पोर गेलं होतं. मुलगा. आठ दिवसांचा. बाळंतपण माझ्या मायनंच केलं होतं. माय दाई होती. आमच्याच नाही, आजूबाजूच्या चार गावांत तिला बोलावणं यायचं. वरच्या आळीतही यायचं. नाळ कापेपर्यंत ती घरात चालायची. नाळ कापली की मागच्या दारानं बाहेर.

पोर लहानखोर होतं. कडाक्याची थंडी पडली होती. आठव्या दिवशी सकाळी अंग गार. माय त्याला हातात घेऊन बसून राहिली. मला म्हणाली, "माया हातून नाही गेलं बाबू. माया हातात गेलं."

मला तो फरक तेव्हा कळला नाही. मालकाच्या घरी महाराज आले होते. मी पायाशी जाऊन पडलो, दुरूनच. त्यांनी विचारलं, बाळंतपण कोणी केलं? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तिचा गुरू कोण? मी म्हणालो, तिनं कान फुंकून घेतला नाही.

"निगुरी के हाथ से आया," महाराज म्हणाले, "निगुरी के हाथ से गया."

बस. एवढंच. पण ते वाक्य माझ्या घरात येऊन राहिलं. माय भात वाढायची तेव्हा मी तिच्या बोटांकडं पाहायचो.

कान फुंकून आल्यावर मी घरात दुसरं मडकं आणलं. माझं पाणी वेगळं. मायनं, बायकोनं भरलेल्या पाण्याला मी हात लावत नव्हतो. आमच्या जातीच्या हातचं पाणी वरच्या आळीत चालत नव्हतं, त्याचा आम्हाला राग होता. आणि मी ते माझ्या घरात आणून ठेवलं. मडक्यासकट.

एकदा उन्हाळ्यात मिलमधून आलो. जीव कासावीस झाला होता. बोरिंगच्या दांड्याशी माय होती. तिनं पंप हाणायला घेतला. धार पडायला लागली. मी ओंजळ धरली आणि आठवलं, दांड्याला हात तिचा. मी ओंजळ मागं घेतली. पाणी पडत राहिलं. ती हाणत राहिली. आजूबाजूला घागरी घेऊन बाया होत्या, त्याही निगुऱ्याच.

"काऊन गा," एक जण म्हणाली, "बोरिंगचा बी कान फुका लागते का?"

बाया हसल्या. माय हसली नाही. दांडा सोडला, घागर उचलली, गेली. मी तिथंच उभा राहिलो. टोलीतला एक सगुरा माणूस येईस्तोवर. त्यानं हाणलं, मी प्यालो.

महाराज प्रवचनात नेहमी सांगायचे, गुरू एकच. दुसऱ्याच्या भजनात बसू नका. दुसऱ्याची विद्या घेऊ नका. "दोन घरचा पाहुणा उपाशी." हे एक मराठी वाक्य त्यांना चांगलं पाठ होतं. मी घरी येऊन ते मायला ऐकवलं. तिनंही कान फुंकून घ्यावा, अशी माझी खटपट चालली होती.

ती म्हणाली, "पाहुना उपाशी राहते. दाई नाही राहत. दाईले घरोघरी जाच लागते."

"पन तुले गुरू कोन?"

"मोजू का?"

आणि तिनं मोजलं. बोटांवर. दरेकसाच्या जंगलाकडची एक गोंड म्हातारी, जिनं तिला पोटावर नुसता हात ठेवून पोर कुठं आहे ते ओळखायला शिकवलं. गोंदियातली एक मुसलमान दाई, जिनं नाळ कापायचं पातं उकळून घ्यायला शिकवलं. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, जी नखं तपासायची आणि वाढलेली दिसली की पोरीसारखी रागवायची. एक गवळी, ज्याच्याजवळ बसून तिनं अडलेली गाय पाहिली होती. "आनि तुया पोरगा," ती शेवटी म्हणाली. "त्यानं बी शिकवलं. तो गेल्यावर मी सिस्टरकडे गेली. इचारलं, काऊन गेला? ती म्हनली, लहान लेकराले मायच्या उघड्या छातीले बांधून ठेवा लागते. ऊब जाऊ द्याची नाही. मले ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

मी कानांवर हात ठेवले. मला वाटलं, हे ऐकलं तरी दोष लागेल.

दोन हजार चार. बायकोला पुन्हा दिवस गेले. मी नऊ महिने भीत काढायला तयार होतो. पण कळा आठव्यातच सुरू झाल्या. धानाच्या कापणीचे दिवस. भर दुपार. टोलीत माणूस नाही. सिस्टर मीटिंगला सालेकशाला गेलेली. माय धावत आली. मी दारात आडवा झालो.

"तू आत जायचं नाही."

"मंग कोन जाईन?"

"काकी."

काकी म्हणजे शेजारची म्हातारी. माझी गुरुबहीण. माझ्याच दिवशी तिचाही कान फुंकला होता. माय म्हणाली, "काकीनं आजवर बकरी तरी पाहिली का गा व्याताना?"

काकी म्हणाली, "नाही व माय, मले भेव लागते."

मी काकीला आत ढकललं. आतून कडी लावायला सांगितली. मायला म्हणालो, "महाराजाले इचारून येतो. तोवर उंबरठा ओलांडशीन तर मायं मेलेलं तोंड पाहाशीन." हे शब्द मी माझ्या आईला बोललो.

महाराज तेव्हा आठ किलोमीटरवरच्या गावी उतरले होते. सायकल मारत गेलो. महाराज जेवून लवंडले होते. सेवक म्हणाला, "आराम कर रहे हैं. बैठ." मी आंगणात उन्हात बसलो. ओसरीवर सावली होती, पण ओसरी आमच्यासाठी नव्हती. किती वेळ बसलो माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बायको होती, आणि उठायची हिंमत नव्हती. उठून परत गेलो तर गुरूचा अपमान. बसून राहिलो तर ती तिकडं. मी बसून राहिलो.

महाराज उठले. तांब्या उंच धरून त्यांनी माझ्या बाटलीत तीर्थ ओतलं. निम्मं हातावर सांडलं.

"निगुरी को चौखट मत लाँघने देना. हाथ लगा तो ये भी जाएगा."

परत आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. काकी कोपऱ्यात रडत बसलेली. माय बाजेजवळ, कोपरापर्यंत हात भरलेले. आणि बायकोच्या छातीशी, लुगड्यात घट्ट बांधलेलं, मुठीएवढं डोकं. मुलगी.

कडी माझ्या बायकोनं काढली होती. त्या अवस्थेत, भिंत धरून धरून. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मी मरून राहिली होती. मले गुरू नोको होता. दाई पायजे होती."

माय म्हणाली, "ते बाटली ठेव तिकडे. गरम पानी आन."

मी आनंदानं रडलो असेन असं वाटेल. नाही. मी भ्यालो होतो. हात लागला होता. ये भी जाएगा. मी आठ दिवस झोपलो नाही. पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायचो. माय रात्रंदिवस तिथंच. पोर छातीवरून खाली ठेवू देत नव्हती. बायको थकली की काकीच्या छातीला बांधायची, काकी थकली की परत बायकोच्या. मला एकदा म्हणाली, "तू बी बस, सदरा काढ." मी पळून बाहेर गेलो.

आठवा दिवस गेला. नववा गेला. पोर जगली.

आणि आता मी जे केलं ते. मी काकीला गाठलं. म्हणालो, "काकी, तूच केलं म्हन बाळंतपन."

"पाप लागन बाबू."

"महाराजाले कळलं तर दोघंही जाऊ."

तिलाही माझ्याएवढीच भीती होती. ती गप्प बसली. बायको अंगाला ताप भरून पडली होती, तिला मी विचारलंच नाही.

माघात महाराज आले. मालकाचं आंगण भरलं. महाराजांना बातमी पोचली होती, माझ्याकडूनच पोचली होती. त्यांनी मला बोट दाखवून उठवलं. "बता सबको. पहला बच्चा किसके हाथ से गया?"

"मायच्या."

"दूसरा किसके हाथ से बचा?"

माय गोठ्याच्या बाजूला बायांत बसली होती. मला ती दिसत होती. मी म्हणालो, "काकीच्या. गुरुकृपेनं. निगुरीचा हात लागू देला नाही."

जयजयकार झाला. बाया उठून काकीच्या पाया पडायला लागल्या. वरच्या आळीतल्याही, दुरून. माय उठली, लुगड्याची धूळ झटकली, गेली.

मी घरी उशिरा गेलो, मुद्दाम. ती जागीच होती. म्हणाली, "तुले बोलाले चांगलं येते गा. मिलमंदी पोते कायले उचलतेस?"

त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. बोलायला काही उरलंही नाही. तिला बोलावणं येणं बंद झालं. भरल्या आंगणात पोटच्या मुलानं साक्ष दिली होती, कोण बोलावील? पुढच्याच पावसाळ्यात गावातली एक बाई अडली. जीपनं सालेकशाला नेता नेता वाटेत गेली. माय असती तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण मायला बोलावलं नव्हतं, आणि का बोलावलं नव्हतं ते मला माहीत आहे.

त्या सगळ्या वर्षांत मी रोज माळ ओढली. ओठ हलवायचो. आत काही नव्हतं. एकशे आठ वेळा काही नव्हतं. कधी वाटायचं, बाकी चौघांना तरी ऐकू आलं असेल का? विचारता येत नव्हतं. विचारलं की माझं उघडं पडणार.

दोन हजार दहामध्ये माय आजारी पडली. शेवटचे पंधरा दिवस मी तिच्याजवळ बसायचो. एका दुपारी ती म्हणाली, "बाबू, बुवानं कानात का सांगतलं होतं?"

"सांगता येत नाही माय. जीभ झडते."

ती मग म्हणाली, "मले इतक्या जनांनी शिकवलं. पन सांगू नोको असं कोनीच म्हनलं नाही. सारे म्हनत, दुसरीले बी सांगजो."

मी तिला पाणी पाजलं. सगुऱ्यानं निगुऱ्याला पाणी द्यायला हरकत नव्हती, नियम फक्त घेण्याचा होता. तिनं दोन घोट घेतले, आणि तांब्या माझ्याकडं केला. "तू बी पे. ऊन मोठं आहे."

मी म्हणालो, "तहान नाही."

दोन दिवसांनी ती गेली.

तेरवीच्या आधी मालकाचा निरोप आला. महाराज गावात आहेत, निगुरी मेली तर जीव भटकतो, मेल्यावरही कान फुंकता येतो. सेवक आमच्या आंगणात आला. त्यानं कणीक मळली आणि तिची बाहुली केली. वीतभर. डोकं, हात, पाय. दोन्ही बाजूंना चिमटीनं दोन कान काढले. महाराज आंगणाबाहेर खुर्चीवर बसले होते. टोली जमली होती. महाराज म्हणाले, मी मेलेल्याच्या कानात बोलत नाही. मुलाकडं मंत्र आहे. मुलानं सांगावा.

मी बाहुलीशी वाकलो. पिठाचा कान माझ्या ओठांजवळ आला.

माझ्याकडं मंत्र नव्हता.

नऊ वर्षं लपवलेलं आता पकडलं जाईल, असं वाटलं. नुसतं फू केलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? मी तोंड उघडलं. आणि मला ती बाहुली फार लहान दिसली. तिला हात होते, पण सेवकानं बोटं केली नव्हती. कणकेचे दोन गोळे, नुसते. माझी माय, आणि बोटं नाहीत.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "नाही."

"नहीं मतलब?" महाराज म्हणाले.

"नाही म्हनजे नाही. तिले गुरू होते. लय होते. तिच्या कानात कोनी काही सांगाचं नाही."

सेवक उठला. मालक म्हणाला, "डोकं फिरलं का रे?" मी बाहुली उचलली, पुन्हा मळली, तिची कणीक झाली. बायकोनं माझ्या हातातून ती घेतली आणि आत गेली. मग मी बायकोनं भरलेल्या मडक्यातलं पाणी तांब्याभर सगळ्यांसमोर प्यालो. बायकोचा कान कधी फुंकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिलचं काम गेलं. आता मी तिरोड्याकडं मिळेल ते काम करतो, आठवड्यानं घरी येतो. कित्येक महिने रोज सकाळी आरशात जीभ काढून पाहायचो. पोरीला साधा ताप आला तरी रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. जीभ आहे. पोर आहे. अकरा वर्षांची झाली.

टोलीतली पोरं मला आता मानतात. म्हणतात, याने महाराजाला तोंडावर नाही म्हटलं. त्यांना वाटतं ते धाडस होतं. खरं हे की मी आधी घाबरलो, पकडला जाईन म्हणून. नाही हा शब्द त्याच्या मागून आला. पण आला. आता तो परत घेणार नाही. मी कोणाला एकच एक गुरू करणार नाही, माझी पोर करणार नाही. जो म्हणेल हे दुसऱ्याला सांगू नको, त्याच्याकडून मी काही शिकणार नाही.

पण एवढ्यानं माझं सुटत नाही. दर दिवाळीत माझी मुलगी काकीच्या पाया पडते. "हिनंच तुले जगात आनलं," बाया तिला सांगतात. काकी आता थकली आहे, तिला नीट दिसत नाही. ती माझ्या दिशेनं तोंड करते आणि काही बोलत नाही. बायकोही बोलत नाही. ती म्हणते, तुम्ही खोटं बोलले, तुम्हीच खरं सांगा.

मालकाच्या आंगणात अजून दरवर्षी कार्यक्रम होतो. अजून आमची माणसं तिथं बसतात. मी साक्ष त्याच आंगणात दिली होती, उभा राहून, मोठ्यानं. ती त्याच आंगणात उभा राहून मोडायची आहे. त्याआधी मुलीला जवळ बसवून तिच्या आजीचं नाव सांगायचं आहे.

माझ्या मायच्या हातचं एक बाळंतपण मी चोरून दुसरीला दिलं. ते मी अजून परत केलेलं नाही.